पट किती भरला?

ग्रीन्सबर्ग, कॅन्सस
२२ सप्टेंबर २०२४

ती. अण्णा,

शि. सा. नमस्कार.

तुमच्या प्रश्नांचा कागद दादाने फोटो काढून पाठवला. डावीकडे समास, लाल शाईचे अनुक्रमांक, प्रत्येक प्रश्नाखाली उत्तरासाठी सोडलेल्या दोन ओळी. निवृत्त होऊन सतरा वर्षं झाली तरी शाळा तपासणीचा नमुना हातातून सुटलेला नाही. १. पट किती. २. शिक्षक किती. ३. इमारत स्वतःची की भाड्याची. ४. पिण्याचं पाणी. ५. लेकरांना खायला काय देतात. ६. वर साहेब कोण. सातवा प्रश्न अक्षरावरून मायचा दिसतो: मीराला तिथे कुणी मैत्रीण आहे का.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला इथे रात्री ओरडता येत नाही, म्हणून कागदच बरा. क्रमाने लिहायचं ठरवलं होतं. ते जमणार नाही, आताच सांगते. पहिल्याच प्रश्नात माझी तीन पानं जातील.

पण आधी शिवार सांगते, नाहीतर बाकीचं कळायचं नाही. कॅन्सस देशाच्या मधोमध आहे आणि जमीन अशी की कुणी वरून फळी फिरवली असावी. गावात शिरायच्या कितीतरी आधी धान्याची उंच पांढरी कोठारं दिसतात, मग पाण्याची टाकी, मग झाडं. आणि दोन्हीकडे ज्वारी! हो अण्णा, ज्वारी. अमेरिकेत सगळ्यात जास्त ज्वारी याच राज्यात पिकते. इथे तिला मायलो म्हणतात. ताट कंबरेएवढंच, म्हणजे यंत्राला कापायला सोपं, आणि कणीस विटकरी लाल. सध्या वावरंच्या वावरं तांबडी झालीत. खातं मात्र जवळपास कुणी नाही, बरीचशी जनावरांना. मीराच्या मैत्रिणीच्या आजोबांना मी म्हटलं, आमच्याकडे याच्या भाकरी करतात. ते म्हणाले, माणसं खातात? मी म्हटलं, माणसंच खातात, जनावरांना कडबा. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

गाव केवढं? २०२० च्या जनगणनेत ७४० माणसं. अख्ख्या किओवा परगण्यात अडीच हजारांच्या आत-बाहेर. आपल्या औसा तालुक्यातलं एखादं बऱ्यापैकी गाव उचलून दीड-दोन तालुके मिळून होईल एवढ्या रानात पसरून द्यावं, तसं. मिलिंदला इथल्या दवाखान्यात नोकरी लागली तेव्हा मी नकाशावर गाव शोधलं आणि वाटलं, इथे शाळा तरी असेल का?

शाळा आहे. नुसती शाळा नाही, शाळेचा जिल्हा आहे, नंबर ४२२. हे समजायला मलाही वेळ लागला. आपल्याकडे जिल्हा परिषद म्हणजे रस्ते, दवाखाने, शाळा, हातपंप, सगळं एकाच छपराखाली. इथे शाळांची जिल्हा परिषद वेगळी असते आणि ती फक्त शाळाच चालवते. तिची हद्द वेगळी, तिचा कर वेगळा, तिची निवडणूक वेगळी. हा तुमचा सहावा प्रश्न. वर साहेब नाहीत, सात माणसं आहेत. गावातलेच शेतकरी, दुकानदार, कुणाची आई. चार वर्षांसाठी निवडून येतात. हे सात जण मिळून अधीक्षक नेमतात, म्हणजे आपल्या भाषेत शिक्षणाधिकारी, पण तो त्यांचा नोकर. अधीक्षक वरून बदलून येत नाही आणि वर बदलून जातही नाही. बैठक महिन्यातून एकदा असते, कुणीही जाऊन बसावं. मी एकदा बसून आले. पहिला तासभर बसच्या टायरांवर गेला. तुम्ही असता तर म्हणाला असता, याला म्हणतात शाळा व्यवस्थापन समिती, आपल्यासारखं सह्यांचं रजिस्टर घरोघर फिरवायची गरज नाही.

सगळं गोड मात्र समजू नका. असे जिल्हे एके काळी या राज्यात नऊ हजारांच्या वर होते, १८९६ च्या सुमाराला. दर दोन-तीन मैलांवर एक खोली, एक मास्तरीण, एक शेगडी, आणि तिचा स्वतंत्र जिल्हा. १९६३ साली कायदा करून त्यांचं एकत्रीकरण केलं, तेव्हापासून त्यांना आताचे नंबर मिळाले. आज उरलेत २८६. म्हणजे समूह शाळेचा प्रयोग आपल्याकडे आता होतोय, इथे तो साठ वर्षांपूर्वी होऊन गेला. माळावर अजून कुठे कुठे त्या एकखोली शाळा दिसतात. कुणी त्यात गवताचे भारे ठेवतं, कुणी नुसत्याच उभ्या ठेवल्यात. आणि एकत्रीकरण अजूनही संपलेलं नाही. शेजारच्या मलिनव्हिलचा जिल्हा २०११ साली आमच्यात आला. तेव्हापासून शाळेच्या नावातून ग्रीन्सबर्ग गेलं आणि परगण्याचं नाव लागलं, संघाचं नावही बदललं. मला यात शहाणपण दिसतं. दुसऱ्या गावाच्या नावाची जर्सी घालून लेकरू जीव तोडून खेळेल का? आपल्याकडे दोन वाड्यांची शाळा एक करायची म्हटलं की आधी भांडण नावावरून लागतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता पट.

परवा शुक्रवारी, २० तारखेला, सकाळी मीराला किंचित ताप वाटत होता. मी म्हटलं, राहू दे घरी. तर मीरा म्हणाली, आज नाही चालणार, आज मोजतात. मला पोटात धस्स झालं, कारण हे वाक्य मी लहानपणी किती वेळा ऐकलंय! २० सप्टेंबर हा कॅन्ससमध्ये पट मोजण्याचा दिवस. आपल्याकडे संचमान्यतेला, म्हणजे शाळेला शिक्षक किती ते ठरवायला, ३० सप्टेंबरचा पट धरतात, इथे त्याच्या दहा दिवस आधीचा. त्या दिवशीच्या आकड्यावर राज्य सरकारचा पैसा ठरतो. थर्मामीटर लावला, ताप नव्हता, पाठवून दिली. माझ्या डोळ्यांपुढे तुम्ही आलात, सायकल घेऊन तांड्यावर लेकरं गोळा करायला निघालेले, पुढच्या दांडीवर एक आणि मागे कॅरिअरवर दोन.

मोजतात सारखंच. मोजून झाल्यावर काय करतात, तिथे फरक आहे. तो मी इथल्या कचेरीतल्या बाईंकडून दोनदा समजावून घेतला, कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही. राज्य दर लेकरामागे एक रक्कम ठरवतं. पण जिल्ह्याचा पट १,६२२ पेक्षा कमी असेल, तर त्या लेकराचं वजन वाढवतात. पट जितका कमी, तितकं वजन जास्त. शंभराच्या आत पट असलेल्या जिल्ह्यात एक लेकरू पैशाच्या हिशेबात दोन लेकरांएवढं भरतं. कारण साधं आहे. दहा लेकरं असोत की तीस, मास्तर एक लागतोच, खोलीही एकच तापवावी लागते आणि बसला डिझेल तेवढंच लागतं. शाळेपासून अडीच मैलांपलीकडे, म्हणजे चार किलोमीटरवर राहणाऱ्या लेकराला ने-आण करण्याचे पैसे आणखी वेगळे.

अण्णा, आपल्याकडे पट कमी झाला की शिक्षक अतिरिक्त ठरतो. इथे पट कमी झाला की लेकराची किंमत वाढते. मी त्या बाईंना म्हटलं, आमच्या राज्यात २० च्या आत पट असलेल्या शाळा १४,७८३ आहेत. हा गेल्या वर्षीचा, सरकारचाच आकडा, दादाने पाठवलेला. त्या म्हणाल्या, शाळा की लेकरं? मी म्हटलं, शाळा. लेकरं एक लाख पंच्याऐंशी हजार. बाईंनी आकडा कागदावर लिहून घेतला, आपण अवघड शब्द लिहून घेतो तसा.

हा पैसा सरकार आपणहून देतं असंही नाही बरं का. या राज्याच्या घटनेत, सहाव्या कलमात, शिक्षणासाठी योग्य तेवढ्या पैशाची तरतूद विधिमंडळाने केलीच पाहिजे असं लिहिलंय. ती पुरेशी नाही म्हणून २०१० साली शाळांच्या चार जिल्ह्यांनी आपल्याच राज्याला कोर्टात खेचलं. त्यातला एक आमच्या पश्चिमेचा, डॉज सिटीचा. खटला चालला चौदा वर्षं! राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने विधिमंडळाला पुन्हा पुन्हा गणित सोडवायला लावलं, आणि लक्ष ठेवणं सोडलं ते याच वर्षी. बाकीचा पैसा घर-जमिनीच्या करातून येतो, त्यातला एक भाग राज्यभर एकाच दराने, हजार डॉलर करमूल्यामागे वीस. जिल्हा परिषदेच्या शाळा वकील लावून मंत्रालयावर दावा ठोकतायत असं चित्र तुम्ही मनात आणून बघा. मी आणलं आणि स्वयंपाकघरात एकटीच हसले.

इमारतीचं उत्तर द्यायला मला मागे जावं लागेल, आणि हे पत्र हातात पडेल तेव्हा किल्लारीच्या भूकंपाची ३० सप्टेंबर ही तारीख तोंडावर आलेली असेल, म्हणून लिहू की नको असं झालं होतं. लिहितेच.

तुमचा निरोप समारंभ झाला तो मे २००७. त्याच महिन्यात, ४ तारखेला, शुक्रवारी रात्री पावणेदहाच्या सुमाराला या गावावरून चक्रीवादळ गेलं. आपल्या समुद्राकडच्यासारखं नव्हे. हे सोंडेसारखं आभाळातून खाली उतरतं. ते पावणेतीन किलोमीटर रुंद होतं आणि गाव त्याहून अरुंद. शंभरातली पंच्याण्णव घरं गेली. शाळा गेली, दवाखाना गेला. उभं राहिलं ते धान्याचं कोठार आणि न्यायालयाची इमारत. गावात अकरा माणसं मेली. फक्त अकरा, असं मी इथे कुणापुढे म्हणत नाही, पण तुमच्यापुढे म्हणते. वीस-पंचवीस मिनिटं आधी भोंगे वाजले, डॉज सिटीच्या हवामान कचेरीने निकराचा इशारा दिला, लोक तळघरात उतरले. आपल्याकडे गणपती बुडवून लोक झोपलेले, पहाटेचे चार वाजायला चार मिनिटं कमी, आणि कुणाला काही

हे वाक्य राहू द्या.

मी भूकंपाच्या वेळी तिसरीत होते, आणि मला त्या दिवसापेक्षा पुढचेच दिवस जास्त आठवतात. पत्र्याच्या शेडमध्ये तुम्ही शाळा भरवली, खाली ताडपत्री, वर पाऊस. हजेरीपट जुनाच होता, मातीतून निघालेला, पानं चिकटलेली. तुम्ही नाव वाचायचे आणि थांबायचे. कुणी ‘हजर’ म्हणालं नाही की थोडं आणखी थांबायचे. मग पुढचं नाव. त्या महिन्यात तुम्ही एकाही नावावर लाल रेघ मारली नाही. विस्तार अधिकारी पट विचारायला आले तेव्हा तुम्ही म्हणालात, अजून मोजतोय साहेब. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

इथेही शाळा आधी भरली. वादळ मे महिन्यात आलं आणि तेव्हाचे अधीक्षक डॅरिन हेडरिक यांनी सांगून टाकलं की ऑगस्टमध्ये शाळा नेहमीसारखी सुरू होईल. कुठे सुरू होईल हे त्या वेळी कुणालाच माहीत नसणार, कारण गावात भिंत नावाची वस्तू शिल्लक नव्हती. पण शाळा होणार नाही म्हटलं असतं तर लेकरांवाली घरं विमा घेऊन दुसऱ्या गावाला गेली असती आणि परत आली नसती. ऑगस्टमध्ये खरंच शाळा भरली, चाकांच्या तात्पुरत्या खोल्यांमध्ये. पुढच्या वर्षी बरोबर ४ मे रोजी बारावीच्या अठरा लेकरांचा निरोप समारंभ झाला आणि त्याला देशाचे राष्ट्राध्यक्ष बुश येऊन भाषण करून गेले. अठरा लेकरांसाठी! आपल्याकडे मंत्री आला तर गर्दी दाखवायला चार गावची लेकरं उन्हात बसवतात.

आताची इमारत २०१० साली उघडली. बालवाडीपासून बारावीपर्यंत सगळी एकाच छताखाली. ती गावाबाहेर मोकळ्या रानात बांधणं स्वस्त पडलं असतं. बांधली मुद्दाम गावाच्या मुख्य रस्त्यावर, की येता-जाता दिसावी आणि व्यायामशाळा, सभागृह गावालाही वापरता यावं. बाहेरून लाकूड लावलंय, त्यातलं बरंचसं दक्षिणेत २००५ साली कतरिना वादळाने पाडलेल्या झाडांचं. एका वादळाचं लाकूड दुसऱ्या वादळाच्या शाळेला. खोल्यांमध्ये दिवसा दिवे लावावे लागत नाहीत, पावसाचं पाणी टाक्यांत साठवतात, आवारात स्वतःची पवनचक्की फिरते. जमिनीत खोल नळ्या सोडून तिच्या पोटातला गारवा उन्हाळ्यात वर आणतात आणि ऊब हिवाळ्यात. हरित इमारतींना जे प्रमाणपत्र देतात त्यातली सगळ्यात वरची, प्लॅटिनमची, पायरी शाळेला मिळाली. नव्या सरकारी इमारती याच पायरीच्या बांधायच्या असा गावाने ठरावच केला होता. मीराच्या वर्गात पहिल्यांदा गेले तेव्हा बाहेर रणरणतं ऊन आणि आत गार, पण पंख्याचा गार नव्हे. मला आपल्या जुन्या घराची आठवण झाली. माळवदाखाली दुपारी असंच गार असायचं. तेच माळवद. आमच्या मास्तरणीला मी सांगितलं की आमची घरंही अशीच गार असायची, दगडाच्या जाड भिंती आणि वर हातभर माती. त्या म्हणाल्या, किती छान. पुढचं मी सांगितलं नाही.

वादळाचा सराव वर्षातून ठराविक वेळा होतो. घंटा झाली की लेकरं रांगेत आसऱ्याच्या खोलीत जातात, भिंतीकडे तोंड करून खाली बसतात, दोन्ही हात मानेवर. मीराला त्यात गंमत वाटते. तिला मी दोन्ही गोष्टी सांगितलेल्या नाहीत, इथलीही नाही आणि आपलीही. इथली तिला शाळेतच कळली.

एक मात्र खरं लिहायला हवं. शाळा उभी राहिली म्हणून गाव पूर्वीसारखं भरलं असं नाही. २००० साली इथे १,५७४ माणसं होती, वादळानंतर निम्मी झाली ती निम्मीच राहिली. रस्त्याने चाललं की घर, मग रिकामा प्लॉट, मग दोन प्लॉट रिकामे, मग घर. आपलं पुनर्वसनातलं नवं गाव आठवतं, रुंद रस्ते आणि अंतरा-अंतरावर घरं, आणि आजी म्हणायची, हाक मारली तर कुणाला ऐकू जात नाही. इथेही तसंच आहे. फक्त इथल्या लोकांना हाक मारायची सवयच नाही, गाडीतून हात दाखवतात.

पाण्याचं उत्तर तुम्हाला आवडेल. शाळेत नळाला येतं ते पाणी पितात. पण या गावात एक विहीर आहे. १०९ फूट खोल, ३२ फूट रुंद, १८८७-८८ साली माणसांनी हाताने खोदलेली. यंत्र नाही, टिकाव, फावडं आणि पोहरे. जगातली सगळ्यात मोठी हाताने खोदलेली विहीर म्हणून पाटी लावलीय आणि वर संग्रहालय बांधलंय. तिकीट काढून आत उतरता येतं. खोदली कशाला? रेल्वेच्या इंजिनांना पाणी हवं होतं म्हणून, आणि गावालाही. १९३२ पर्यंत गाव तेच पाणी पीत होतं. मी पायऱ्या उतरताना मनात म्हटलं, बघा, इथे आगगाडीला पाणी पाजायला विहीर खोदली आणि २०१६ साली आमच्या लातूरला मिरजेहून आगगाडीनेच पाणी आणून पाजलं. मिलिंदला म्हटलं तर तो म्हणाला, तुला प्रत्येक गोष्टीत लातूर दिसतं. दिसतंच.

शिक्षक किती हे मी मोजलं नाही, कारण मोजायचं कसं तेच कळत नाही. मीराच्या वर्गात चौदा लेकरं आणि एक बाई. पण वरच्या वर्गांकडे गेलं की एकेका माणसाला तीन-तीन टोप्या. अशा लहान शाळांमध्ये सकाळी पिवळी बस चालवणारा माणूस दुपारी इतिहास शिकवतो आणि संध्याकाळी संघाला पळवतो. तुम्ही शिकवायचे, खिचडीचा हिशेब ठेवायचे, जनगणना करायचे, मतदार यादी करायचे आणि पोलिओचे डोसही पाजायचे, तेव्हा तुम्हाला यात नवल वाटणार नाही. फरक इतकाच की इथली सगळी कामं त्याच लेकरांची असतात. बसवरून आठवलं, शाळेच्या बसला देशभर हा एकच पिवळा रंग १९३९ साली न्यूयॉर्कला परिषद भरवून ठरवला. ती भरवणाऱ्या प्राध्यापकाने आधी देशभर फिरून पाहणी केली होती, तेव्हा कॅन्ससमध्ये कुठे लेकरं गव्हाच्या घोडागाडीत बसून शाळेत येत होती. आता बस रोज माळावरच्या एकेका घरापुढे थांबते, थांबल्याचा लाल हात बाजूला काढते, आणि मागेपुढे कुणी असो-नसो, रस्ता थांबतो.

मोठी लेकरं बसने येतच नाहीत. शेतावरच्या मुलांना या राज्यात चौदाव्या वर्षी गाडी चालवायचा परवाना मिळतो. मीराच्या मैत्रिणीचा भाऊ नववीत आहे आणि मालट्रकाच्या धाकट्या भावासारखी दिसणारी गाडी घेऊन शाळेत येतो. मायला हे सांगू नका, ती रात्रभर झोपायची नाही.

शुक्रवारी रात्री मात्र गाव असतं. तुमच्या यादीत खेळाचा प्रश्न नाही, पण खेळ सांगितल्याशिवाय या शाळेचं काहीच सांगितलं नाही असं होईल. इथला फुटबॉल हातात घेऊन पळायचा. एका संघात अकरा खेळाडू लागतात, आणि लहान शाळांकडे अकरा धड मुलं जमवायची म्हणजे वर्ग रिकामे होतील. म्हणून त्यांनी नियमच बदलला. आठ जणांचा संघ, मैदानही लहान केलं, ऐंशी यार्ड लांब आणि चाळीस रुंद. अर्ध्या खेळानंतर कुणाची आघाडी पंचेचाळीसवर गेली की सामना तिथेच थांबतो. हरणाऱ्याला जास्त लाजवायचं नाही. मला या नियमाचं फार कौतुक वाटलं. आपल्याकडे संघाला मुलं कमी पडली की संघ बाद होतो. इथे मुलं कमी म्हणून खेळच आठांचा केला.

परवा पट मोजून झाला त्याच रात्री सामना होता. पालकांनी पाळीपाळीने खाण्याचा स्टॉल चालवायचा असतो, माझी पाळी होती. चिप्सची पुडी आडवी कापायची, त्यातच खिमा, चीज, कांदा-टोमॅटो टाकायचा आणि वर चमचा खुपसून द्यायचा. लोक पुडी हातात घेऊन चालता चालता खातात. भेळच म्हणा, फक्त चिंच नाही आणि कागदाची पुंगळी नाही. मी दोन पुड्यांत लिंबू पिळलं आणि बारीक कोथिंबीर घातली. एका म्हाताऱ्याने परत येऊन विचारलं, तसलीच आणखी आहे का?

आता खाण्याचं. दुपारचं जेवण आणि सकाळची न्याहारी दोन्ही शाळेत मिळतं, केंद्र सरकारची योजना आहे, जेवणाची १९४६ पासूनची. पण सगळ्यांना फुकट नाही. पालकांनी मिळकतीचा अर्ज भरायचा. मिळकत कमी असेल तर फुकट, त्याहून थोडी जास्त असेल तर कमी दरात, नाहीतर पूर्ण पैसे. करोनाच्या वेळी दोन वर्षं सगळ्यांना फुकट होतं, मग ते बंद केलं. इथे मी आपल्या बाजूने आहे अण्णा. आपली खिचडी कशीही असो, पातेलं एक आणि रांग एक. तिथे कुणाच्या बापाचा पगार विचारत नाहीत. मी हे इथल्या एका आईपाशी बोलले, तर ती हळूच म्हणाली, आम्ही तो अर्ज भरतो. मग मी तुमचं ते बिनपैशाच्या ताटाचं व्याख्यान पुढे चालू ठेवलं नाही, तिच्यासोबत बसून पेरूचा मुरंबा खाल्ला. मायने पाठवलेला.

आणि मायचा प्रश्न. आहे, एक मैत्रीण आहे. तिच्याकडे गाई आहेत, किती विचारलं तर तिला सांगता येत नाही, शेकड्यात आहेत. दोघी मिळून एक वासरू पाळायच्या बेतात आहेत, शाळेतल्या शेतीच्या प्रदर्शनासाठी. इथे मोठ्या वर्गांना शेती हा विषय असतो आणि त्या मुलांची निळ्या कॉर्डरॉय कोटांची एक देशभरची संघटना आहे, १९२८ पासूनची. वेल्डिंग शिकवतात, माती तपासायला शिकवतात, जनावरांची निवड कशी करायची ते शिकवतात. आमच्या वेळी कार्यानुभव म्हणजे खडूच्या पेट्यांना रंगीत कागद चिकटवणं होतं. वासराला नाव मीराने ठरवलंय: सर्जा. मैत्रिणीला ते म्हणता येत नाही, ती सारजा म्हणते. वासरू पाडी आहे हे दोघींच्या अजून लक्षात आलेलं नाही.

दादाला सांगा, त्याने पाठवलेला आकडा मी इथे वापरला. त्याच्या शाळेत गेल्या वर्षी एकवीस होती ना? त्यातली दोन पाचवीतून गेली असतील आणि ती टेकडीवरची दोन भावंडं दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला जातील. पण ३० सप्टेंबरला ती गावातच असतील. त्या दिवशी त्याला म्हणावं, सकाळी लवकर जा आणि टेकडीवरून त्यांना गाडीवर घेऊन ये, एक पुढे, एक मागे. त्या दिवशी शाळेत आधी दोन मिनिटं उभं राहतात अजून? की आताच्या लेकरांना कशासाठी उभं राहायचं ते सांगावं लागतं?

पट किती भरला ते कळवा. फोन नको, लिहूनच.

तुमची,
सुनंदा

ता. क. मायला सांगा, मेतकूट संपलं. आणि कडब्याचा भाव काय चाललाय ते विचारून ठेवा, त्या मैत्रिणीच्या आजोबांना हवाय. मी त्यांना सांगून बसलेय की आमच्याकडे कधी कधी कडबा ज्वारीपेक्षा महाग जातो, आणि ते काही माझ्यावर विश्वास ठेवायला तयार नाहीत.